समुद्रातली पांदण

"भाऊजी, गाडी आणू नका आता."

मिलिंदच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दारव्ह्याच्या स्टँडबाहेर माझ्या काळीपिवळीत बसलो होतो आणि गाडी भरेपर्यंत सवारीला नेहमीसारखी गोष्ट सांगत होतो. एक रानडुक्कर मुकुटबनच्या जंगलातून आलं, माझ्या जीपच्या पुढच्या सीटवर बसलं, बाभुळगावपर्यंत खिडकीबाहेर पाहत आलं आणि उतरताना दार नीट लावून गेलं, अशी ती गोष्ट. त्या दिवशी ती पुढची सीट रिकामी होती. तिच्यावर उशी ठेवली होती, कारण मिलिंदला डायलिसिससाठी यवतमाळला न्यायचा तो दिवस होता आणि वाटेतले खड्डे त्याच्या पाठीला सहन व्हायचे नाहीत. वहिनींनी एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मी का म्हणून विचारलं नाही... मागे बसलेल्या एका बाईला गोष्टीची घाई झाली होती. तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचून विचारलं, "मंग? डुकरानं भाडं देल्लं का नाई?" मी सगळी सवारी उतरवून दिली, गाडी तशीच रिकामी घेऊन त्याच्या घराकडे निघालो, आणि रस्ताभर ती उशी एका बाजूला कलंडू नये म्हणून एका हातानं धरून ठेवली होती, हे घराशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

या पुरवणीत तुम्ही माझ्या गोष्टी वाचता. त्यातलं किती खरं धरायचं आणि किती सोडायचं हे तुमचं तुम्ही ठरवून टाकलं असेल, आणि ठरवलंत ते बरंच केलंत. आजही मधूनमधून मी वाढवून सांगेन, ती सवय जाणार नाही. पण समुद्राबद्दल जे लिहितो आहे त्यातलं काही सोडू नका. ते मिलिंदनं मला शिकवलं आहे आणि तो मोजल्याशिवाय बोलत नसे.

मिलिंद आणि मी एकाच बाकावर बसून शिकलो. तो बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला, मी बाजाराकडचा. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. आबांचं वावर दारव्ह्याच्या बाहेर, नाल्याच्या काठी, दुसऱ्यांच्या वावरांच्या पार मागे होतं. तिथे जायला पांदण होती. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून जाणारी, कोणाच्याच मालकीची नसलेली, सगळ्यांची गाडीवाट. आबांच्या तरुणपणी तिच्यातून दोन बैलबंड्या एकमेकींना ओलांडून जायच्या म्हणे. पण दोन्ही बाजूंचे शेजारी दरवर्षी धुरा, म्हणजे वावराचा बांध, नांगरून एकेक सरी आत सरकत गेले. आम्ही सातवीत होतो तेव्हा ती पांदण इतकी बारीक झाली होती की बैलाला डोंबाऱ्यासारखं पायापुढे पाय ठेवून चालावं लागे, आणि गाय गाभण असली तर तिला अर्ध्यातून मागे फिरवावं लागे. पांदण कोणी खाल्ली त्याचं नाव मी लिहीत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो ही पुरवणी वाचतो.

बंडी जाईना म्हणून आबा आणि मिलिंद कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन यायचे. एकदा आबा तहसिलीत गेले. तिथल्या माणसानं नकाशा काढून दाखवला, त्यावर पांदण चांगली रुंद काढलेली होती. आबा घरी आले, पायरीवर बसले आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "नकाशात हाये ना बा. मंग पायाखाली काहून नाई?" मिलिंद तिथेच बसून चपलेचा अंगठा शिवत होता. पुढे तो मोजणी शिकला, नकाशे शिकला, कुठल्या कुठे गेला. लोक विचारत, हे खूळ डोक्यात आलं कसं? तो हसून सोडून देई. मला विचाराल तर त्या पायरीवरून आलं.

पहिली नोकरी लागली ती किनाऱ्यावर. त्याला पोचवायला मी गेलो होतो. समुद्र आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला. परत आल्यावर मी दारव्ह्यात सांगत फिरलो की मला इतकी तहान लागली होती की ओंजळीओंजळीनं मी समुद्र पीत सुटलो, तेव्हाच लोकांनी ओहोटी आली असं म्हटलं. दोनचार जण अजून मानतात. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. एवढं पाणी आणि त्याला कोणी अडवलेलं नाही, हे माझ्या वऱ्हाडी डोक्यात मावेना. मिलिंद मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून बराच वेळ दूर पाहत होता.

"गज्या," तो म्हणाला, "याचा धुरा कुठी असन बे?"

"येड्या, समुद्राले धुरा असते का?"

"असन. जिथी दोघाईले एकच जागा पायजे, तिथी धुरा असतेच. दिसून नाई राह्यला, एवढंच."

पुढचं त्याचं सगळं आयुष्य त्या न दिसणाऱ्या धुऱ्यांत गेलं. ज्या कार्यालयात तो शेवटी स्थिरावला तिथे किनाऱ्यासमोरच्या समुद्राचा आराखडा करायचं काम चालायचं. दर दिवाळीला तो गावी यायचा आणि चहाच्या टपरीवर आमची पोरं त्याला सोडायची नाहीत.

"म्हंजे काका, तुमी समुद्राचा सातबारा काढून राह्यले?"

"तसंच समज."

"मंग तलाठी कुठी बसते? देवमाशावर?"

"तलाठी नसते न, त्याच्यानंच तं भांडणं हायेत," तो शांतपणे सांगायचा, आणि मग ग्लासातला चहा निवेपर्यंत सांगत राहायचा. बंदराला जहाजं नांगर टाकून उभी करायला जागा पाहिजे. वीज करणाऱ्यांना पवनचक्क्या रोवायला जागा पाहिजे, तिथला वारा जमिनीवरच्यापेक्षा जोरकस असतो. त्या विजेच्या तारा तळावरून किनाऱ्यापर्यंत आणायला पट्टा पाहिजे, आणि त्या पट्ट्यात कोणी नांगर टाकायचा नाही, होडी घेऊन शिरायचंही नाही. कासवं जिथे येतात ते पाणी राखायचं. वाळू कुठून काढायची, कुठून नाही. मासे जिथे अंडी घालतात तिथे जाळं नको. सगळ्यांना जागा पाहिजे, आणि सगळ्यांना तीच पाहिजे. आधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं, कोण कुठे, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर काय करतं ते पाण्यावर जाऊन पाहायचं, आणि मग नकाशात एकेकाला रंग द्यायचा. "नाई केलं तं," तो म्हणायचा, "ज्याचं जहाज मोठं त्याचा समुद्र."

आणि या रंगांमध्ये एक जण कायम राहून जायचा. खाडीतून छोट्या होड्या घेऊन निघणारा कोळी. त्याला समुद्रात उभं राहायला जागा नको असते. त्याला नुसतं पलीकडे जायचं असतं, जाळं टाकायचं असतं आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं असतं. जो नुसता जातो-येतो त्याला नकाशात रंग नसतो. बंदराचा निळा आणि पवनचक्क्यांचा पिवळा एकमेकांना चिकटले की याची वाट संपली. मिलिंद ज्या खाडीच्या कामावर होता तिथे नेमकं हेच होणार होतं. तेव्हा हा दारव्ह्याचा माणूस भर बैठकीत उठून म्हणाला होता की मधून पांदण सोडा. त्याच्या कार्यालयातल्या लोकांनी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला. नंतर म्हणे तिथे परप्रांतातून आलेले मोठे अधिकारीसुद्धा 'पांदण का क्या हुआ' म्हणून विचारायला लागले. हे मी वाढवलेलं नाही.

ती पांदण मिळवायला त्याला वर्षं लागली. एक नियमही त्यानंच घालून घेतला होता, की समुद्रात कोणी कुठलीही वाट मागितली तर नुसतं तोंडी चालणार नाही, त्या वाटेवर होडीत बसून, वाट टिपणाऱ्या यंत्रावर रेघ उमटवून आणली पाहिजे. नाहीतर उद्या बंदरवाले म्हणतील आमची जहाजं पूर्वीपासून इथूनच जातात, आणि कागद रंगवून आणतील. आबांच्या पांदणीचं जे झालं ते पाण्यात होऊ द्यायचं नाही म्हणून तो नियम. ती रेघ आणायला तो स्वतः धाकटू तांडेल नावाच्या कोळ्याच्या होडीत बसून माघाच्या गार सकाळी समुद्रावर गेला. ओकला, भिजला, आणि रेघ घेऊन आला. सरळ, सुरेख रेघ, खाडीच्या तोंडातून थेट मासेमारीच्या पाण्यापर्यंत. कोळ्यांच्या सभेत ती दाखवली तर सगळ्यांनी मान डोलावली, हो, इथूनच जातो आम्ही. आराखड्याच्या मसुद्यात ती पांदण बसली. त्या दिवशी त्यानं मला फोन केला आणि काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. दोन बाप्ये फोन कानाला लावून गप्प उभे, असं कोणी पाहिलं असतं तर दोघांनाही दवाखान्यात नेलं असतं.

दवाखाना तसाही आलाच. मूत्रपिंडं आधीपासून कुरकुरत होती, ती बसली. नोकरीची काही वर्षं बाकी असताना तो आणि वहिनी घर आवरून दारव्ह्याला आले. ठरलेल्या दिवशी यवतमाळला यंत्रावर न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे. भाड्याचं बोलला तेव्हा मी सांगितलं की पुढच्या सीटवर रानडुक्कर फुकट बसतं, तू तर माणूस आहेस. "तसा फरक कमीच हाये," वहिनी आतून म्हणाल्या.

घरी तो दारापुढच्या छपरीत खाटेवर असायचा. फाल्गुन होता, शेजारच्या वावरातल्या पऱ्हाट्या, कापसाची वाळलेली झाडं, उपटून चुलीसाठी अंगणात रचल्या होत्या. एक दिवस मी गेलो तर त्यानं छपरीच्या फरशीवर समुद्र मांडला होता. दाराकडची बाजू किनारा. खलबत्ता म्हणजे बंदर. दोन विटा म्हणजे नांगरलेली जहाजं. सोयाबीनचे दाणे ओळीनं मांडलेले, त्या पवनचक्क्या. नाल्यातले गोटे एका रांगेत, ती समुद्रातली खडकांची रांग, तिला कोळी खडप म्हणतात. आणि मधून दोन लांब पऱ्हाट्या समांतर टाकलेल्या. त्यांच्याकडे बोट दाखवताना त्याचा सुजलेला चेहरा सातवीतल्या पोराचा झाला.

"हे पाह्य," तो म्हणाला, "आबाची पांदन."

आता अशा वेळी गप्प बसेल तो मी कसला. मी लगेच पांदणीची गोष्ट सुरू केली. म्हटलं, एकदा श्रावणात कोणाचं तरी खत पोचवायला मी काळीपिवळी आपल्या पांदणीत घातली. काळी माती, झड लागलेली. चाकं गेली, दारं गेली, टप गेला, वरचा हॉर्न तेवढा चिखलाबाहेर राहिला. तो वाजवत मी तसाच आत आत चालवत गेलो, आणि गाडी निघाली ती थेट शेजाऱ्याच्या विहिरीतून. वहिनी हसत होत्या. शेवटी मी म्हणालो, "पावसाळ्यात पांदनीनं कोन जाते बे? फसते मानूस. तेव्हा तं धुऱ्याधुऱ्यानं, फेरा मारूनच जावं लागते."

मिलिंद हसला नाही. तो फरशीकडे पाहत होता. मला वाटलं दुखायला लागलं. "पानी देऊ?" मी विचारलं. तो म्हणाला, "फोन दे."

फोन धाकटू तांडेलला लावला. आवाज मोठा केला होता म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. तब्येतीची विचारपूस झाली. मग मिलिंदनं विचारलं, "तांडेल, नारळी पुनवेनंतर, समुद्र खवळलेला असतो तेव्हा, तुम्ही बाहेर कुठून पडता?"

"तवा व्हय? तवा खडपाच्या आडोशानं. वळसा घालून."

"आपण नकाशात काढली त्या वाटेनं नाही?"

"नाय हो सायेब. तिथं खाडीच्या तोंडाला वाळूची दांडी हाय ना. पावसाळी लाट तिच्यावर येऊन फुटते. होडी सरळ उलटीच होईल. तुमाला ठावं व्हतं ना?"

"तुम्ही सभेत बोलला नाहीत."

"तुमी इचारलं नाय. आमाला वाटलं, ही उन्हाळी वाट काढली, पावसाळी काढलीच असंल दुसऱ्या कागदावर."

कोणी खोटं बोललं नव्हतं. कोणी लपवलं नव्हतं. माघात विचारलं, माघातली वाट सांगितली. समुद्रावरच्या माणसाला वाटलं, पावसात वाट बदलते हे सांगायचं काय त्यात. आणि काळ्या मातीत वाढलेला माणूस, ज्यानं लहानपणी दर पावसाळ्यात डोक्यावर गाठोडं घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फेरा मारला, तो वर्षानुवर्षं फक्त दिवाळीला गावी येऊन पांदण कोरडी असते असंच धरून बसला होता. त्यानं खाटेवरून खाली हात नेऊन गोट्यांच्या रांगेमागे बोट फिरवलं. तिथे सोयाबीनचे दाणे होते. वळसा जिथून जायचा, ती जागा पवनचक्क्यांच्या तारांना दिलेली होती, आणि ती देण्याच्या कागदावर सही त्याची होती... "मीच देल्ली बे," तो म्हणाला. "मीच."

त्या दिवसापासून त्याचं दुखणं बदलून गेलं. यंत्रावर असतानाही फोन. सुई हातात, दुसऱ्या हातात फोन, नर्सबाई ओरडायची. हरकती घ्यायची मुदत सरत आली होती. त्यानं लिहून पाठवलं. उत्तर आलं, सुनावणीत बोला, घरूनही बोलता येईल. पऱ्हाटी वाकत नाही, वाकवली की मोडते, म्हणून वळण दाखवायला त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून पऱ्हाट्यांपासून गोट्यांच्या मागून वळवून फरशीवर टाकला होता, आणि रोज तो एखाद्या बोटाएवढा इकडे, तिकडे सरकवत बसायचा. तारांच्या पट्ट्याला थोडं उत्तरेला ढकललं तर? खडपाच्या अगदी अंगाला लागून नेलं तर? वहिनी वाटी घेऊन उभ्या राहायच्या. तो म्हणायचा, ठेव तिथी, आणि वाटी विटेच्या शेजारी, जहाजासारखी उभी राहायची, तशीच भरलेली.

एकदा मी त्याला म्हणालो, "एवढीशी रेघच पायजे ना? आपन बसून काढू. कोनत्या दिवशी, कोनती होडी, किती वाजता, मी सांगतो ना सारं. माह्यासारखा मानूस तुह्याजवळ हाये अन् तू रडून राह्यला?"

त्यानं दुपट्ट्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "आपली एक खोटी रेघ घुसली," तो म्हणाला, "का मंग तिच्या मागून मोठ्याईच्या सगळ्या घुसतीन. धुरा असाच सरकते, गज्या."

सुनावणीच्या दिवशी घरात मोबाइलला रेंज मिळेना. चैत्रातली टळटळीत दुपार. मी त्याला उशीसकट जीपमध्ये घातलं आणि गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. वहिनी मागे ओला टॉवेल घेऊन. खाली सगळी नांगरून पडलेली काळी वावरं, पाण्याचा थेंब दिसत नव्हता कुठे, आणि हा माणूस काचेवर टेकवलेल्या मोबाइलमध्ये समुद्राच्या लाटांबद्दल बोलत होता. चांगलं बोलला. दम लागत होता, मध्ये थांबत होता, पण एक शब्द वाकडा नाही. मी काढलेली वाट अर्धी आहे, ती माझी चूक आहे, आणि त्या चुकीत माणसं बुडतील, असं त्यानं सरळ सांगितलं. समोर ज्या बाई होत्या त्या कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "सर, पावसाळी वाटेची रेघ आहे का?"

"नाही. ती पावसाळ्यातच मिळेल."

"सर, आराखडा त्याआधी जाहीर होतोय. रेघेशिवाय वाट धरायची नाही... हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"एक पावसाळा थांबा."

"माझ्या हातात असतं तर थांबले असते, सर. फेरआढाव्यात नक्की घेऊ."

फेरआढावा म्हणजे किती वर्षांनी ते त्याला माहीत होतं आणि त्यांनाही. मोबाइल बंद झाला. गाडीत इतकं ऊन होतं की स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मी त्या बाईंना एक शिवी घातली. मिलिंद डोळे मिटून म्हणाला, "तिले नको बोलू. मी तिच्या जागी असतो, तं हेच मनलं असतं." मग काही वेळानं, टेकडी उतरताना, "गाडी हळू ने बे," आणि मी ती इतकी हळू नेली की एक म्हातारी काठी टेकत आम्हाला मागे टाकून गेली. हे मात्र मी वाढवलं आहे. वाढवल्याशिवाय तो उतार माझ्याच्यानं लिहवत नाही.

त्यानंतर तो फार बोलला नाही. जेवण सुटलं. डॉक्टर म्हणाले, शरीर साथ देत नाही. मला विचाराल तर शरीर बिचारं देत होतं, ते ज्याचं होतं तो माणूस फरशीवर उतरून गोट्यांच्या मागे अडकून पडला होता. तांडेलचा फोन आला की तो वहिनींना खूण करायचा, झोपलोय सांग. डोळे टक्क उघडे. रोज मी गेलो की त्याच्या नजरेत एकच प्रश्न असायचा. शेवटी एका सकाळी, डायलिसिसच्या आदल्या दिवशी, तो त्यानं तोंडानं विचारला.

"झालं का बे ते? बसलं का वळन?"

मी म्हणालो, "अजून काई समजलं नाई."

"समजलं असन. तू सांगून नाई राह्यला."

मी खाली पाहिलं. आराखडा जाहीर झाला होता. त्या बाईंनी वहिनींच्या मोबाइलवर नकाशा पाठवला होता, आम्ही दोघांनी तो आत, सैपाकघरात उभं राहून पाहिला होता. पांदण होती. सरळ होती.

"मंग एक थाप मार ना," तो म्हणाला. "जिंदगीभर साऱ्या दारव्ह्याले मारल्या. मले एक मार. सांग का बसलं मनून. मी मानतो."

तुम्ही मला ओळखता. मी डुकराला बाभुळगावपर्यंत नेलं आहे, समुद्र ओंजळीनं प्यालो आहे, विहिरीतून गाडी काढली आहे. सांगायचं काय होतं? त्या बाईंचा फोन आला होता, त्यांनी वरच्या साहेबांशी भांडण केलं, तारा उत्तरेला सरकवल्या, खडपाच्या मागून पांदण नेली, तांडेलनं पेढे वाटले. एवढंच. माझ्या जिभेला हे लोण्यासारखं यायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही... त्याचा हात माझ्या मनगटावर होता, त्यानं थोडी वाट पाहिली. मग त्यानंच माझा हात थोपटला, जसा गोष्ट विसरलेल्या लहान पोराचा थोपटावा तसा, आणि कूस बदलली. माझ्याशी तो बोलला ते हे शेवटचं.

मिलिंदच्या जलदान विधीला गाव लोटलं होतं. धाकटू तांडेल एवढ्या लांबून, गाड्या बदलत आला. त्याला छपरीत बसवलं. फरशीकडे पाहिल्या पाहिल्या त्यानं ओळखलं. खडप ओळखलं, दांडी कुठे ते ओळखलं, आणि दुपट्टा पाहिला. तो जिथून वळत होता तिथे त्यानं हात लावला आणि म्हणाला, "हिथनंच."

परवा त्याचा फोन आला होता. आषाढ सरत आला, नारळी पुनव जवळ आली, होड्या पाण्यात ढकलायचे दिवस. तो म्हणाला, "भाऊ, सरळ गेलो तर दांडीवर मरतो. वळसा घातला तर तारांच्या पट्ट्यात शिरलो म्हणून होडी धरून नेतील, नोटीस लागलीया. माझे दोन्ही लेक यंदा माझ्याबरोबर हायेत. सायेब काय बोलले असते? कुठनं जाऊ?" मी म्हणालो, जाऊ नका. तो म्हणाला, "मग खाऊ काय?" दोघंही फोन धरून गप्प राहिलो. असं गप्प राहणं मला पूर्वी एकदाच आलं होतं, तेव्हा ते सुखाचं होतं.

वहिनींनी मिलिंदचे कपडे देऊन टाकले. खाट उभी करून भिंतीला लावली. सोयाबीनचे दाणे शेजारच्या बकरीनं येऊन खाल्ले. साऱ्या पवनचक्क्या एका घासात गेल्या, हे त्याला सांगितलं असतं तर त्याला आवडलं असतं. पऱ्हाट्या चुलीत गेल्या. खलबत्ता लागतो म्हणून बंदर आत नेलं. दुपट्टा मात्र फरशीवर तसाच आहे, वळलेला. वहिनी रोज झाडतात, त्याच्या अलीकडून आणि पलीकडून, आणि तो उचलत नाहीत. दूधवाला येतो, शेजारणी येतात, यवतमाळहून कोणी भेटायला येतं. छपरी अरुंद आहे, दार समोरच दिसतं, सरळ दोन पावलांत माणूस आत जाईल. पण दुपट्ट्यापाशी आलं की जो तो थबकतो, खाली पाहतो, आणि त्याच्या कडेकडेनं, गोटे होते तिथून फेरा घेऊन घरात शिरतो. कोणालाही सांगावं लागत नाही.